हरवलेलं माउथगार्ड

घरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक ठोसा बसला तर डोळा जाईल. पण चाळिशीतल्या बॉक्सरचा तोरा जाईना. म्हणून बायकोने सामन्याआधी त्याचं माउथगार्ड गुपचूप पर्समध्ये टाकलं. रिंगपाशी सरकारी निरीक्षकांनी "आ" करायला लावलं. "माउथगार्डशिवाय सामना नाही." प्रतिस्पर्ध्याने उदारपणे स्वतःचं पुढे केलं. "उष्टं नियमात बसत नाही," निरीक्षक म्हणाले. "जादाचं आणलंय?" बायकोचा जीव टांगणीला लागला. "विसरलो!" बॉक्सर गरजला. त्याने ग्लोव्हजमधल्या ग्लोव्हजमध्ये सरकारच्या नावाने बोटं मोडली. सामना रद्द झाला. तिचा जीव भांड्यात पडला. घरी मात्र तिला राहवेना. "अहो, रागावू नका," म्हणत तिने माउथगार्ड टेबलावर ठेवलं. मग त्याने वाकून मोज्यातून जादाचं काढलं, शेजारी मांडलं. "आधी सांगायचंस ना! हे घरीच ठेवलं असतं. फुकट पाय सोलवटला."