भिंगातला उजेड

लहान इमारती पडत्या भावात घ्यायच्या, जुने भाडेकरू हुसकावायचे आणि रंग मारून दुप्पट भाड्यानं द्यायच्या, या धंद्यात दाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. मेहुणा हाताखाली होता, त्यामुळे सगळेच त्यांना दाजी म्हणत.

भाडेकरू घरात लपलाय का, हे ओळखायची त्यांची युक्ती सोपी होती. बेल वाजवायची आणि दारातल्या भिंगाकडं बघायचं. उजेडाचा ठिपका विझला, की आतून कोणीतरी डोळा लावलाय.

वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी म्हातारी अशीच डोळा लावायची, पण दार उघडायची नाही. शेवटी दाजींनी तिचं पाणी तोडलं. तिला तोंडावर चादर ओढून स्ट्रेचरवरून खाली नेलं, तेव्हा ते जिन्यातच रंगाऱ्याशी घासाघीस करत होते.

आज तिच्या रिकाम्या घराची बेल चालते का, ते बघायला त्यांनी बटण दाबलं. ठिपका विझला.

किल्लीनं दार उघडलं, तर आत नुसता ओल्या रंगाचा वास.

"भिंगच खराब असेल," मेहुणा म्हणाला.

दाजींनी त्याला किल्ली देऊन बाहेर उभं केलं, दार लावून घेतलं आणि पार खिडकीशी जाऊन थांबले. बेल वाजली.

"दाजी, भिंगासमोरून सरका जरा. ठिपका दिसत नाहीये."

दाजी खिडकीला टेकलेलेच होते. दारापाशी कोणी नव्हतं.

"थांबा, मीच येतो आत."

किल्ली फिरली. तेवढ्यात दाराची आतली कडी, म्हातारी लावायची तशी, आवाज न करता सावकाश सरकली.