दुपारचं मैदान

भूमच्या मैदानावर मोनिकानं पाच हजार मीटरला पोरांनाही मागं टाकलं, तेव्हा रणधीर सरांना आनंदाऐवजी संशय आला. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "कसलं इंजेक्शन घेतलंस गं?"

"आईशपथ सर, म्या काय बी घेतलं न्हाय."

तरी सर तिला रक्त तपासायला घेऊन गेलेच. चार दिवसांनी रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. "औषधाचा मागमूस नाही. ही सांगते तसं दोन महिने रोज तापलेल्या उन्हात पळालं की शरीर स्वतःच रक्त वाढवतं. मोठमोठे खेळाडू मुद्दाम असा सराव करतात. हिला भर दुपारी पळवायची अक्कल कुणाची?"

मोनिका चटकन म्हणाली, "सरांचीच."

"शाबास, सर!" डॉक्टरांनी हात पुढं केला. तो हातात घेताना सरांची मान काही वर होईना. दोन महिन्यांपूर्वी सकाळचं गार मैदान पोरांसाठी राखून तेच तिच्यावर खेकसले होते, "तुला कशाला पाहिजे सकाळ? दुपारी मैदान मोकळंच पडलेलं असतंय, तवा ये अन् पळ किती पळायचं ते!"