सत्तावन्नांत एक

मॅनेजरने कागद टेबलावर आपटला. “घ्या! तुमच्या सासऱ्यांनी स्वतःच लिहून दिलंय. ‘गॅसचा व्हॉल्व्ह लवकर बंद झाला असणार, चूक माझी.’ आता आणखी काय हवं?”

सुनेने कागद वाचला. अक्षर त्यांचंच. अख्खा कारखाना ज्यांना भट्टीकाका म्हणायचा, ते समोर मान खाली घालून बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशनच्या सुऱ्यांवर कार्बाइडचा कठीण थर चढवला. निम्मा धातू, निम्मा गॅसमधून येणारा कार्बन, हे प्रमाण त्यांचं झोपेतही चुकलं नसतं. आणि आता निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना माणसाच्या कपाळी कामचुकारपणाचा शिक्का बसणार होता.

त्यात थरात कार्बन कमी पडल्याचा रिपोर्ट तिचाच. अणू मोजायचं यंत्र तीच चालवायची. थरातून केसाहून कितीतरी बारीक सुई कोरायची, विजेच्या झटक्यांनी टोकावरचा एकेक अणू उडवायचा, तो समोरच्या डिटेक्टरवर आपटला की मोजायचा. धातू भरला वीस हजार. कार्बन बारा हजार तीनशे. तिने इमानेइतबारे लिहिलं, खाली सही ठोकली, आणि घरच्याच माणसाची मान अडकली.

सकाळी तिने सरळ विचारलं होतं, “बाबा, खरं सांगा, लवकर बंद केलात?”

“रिपोर्टात आलंय ना? मग झालं,” म्हणून ते उठले होते. या उत्तराने तिला चैन पडेना. तिने सगळे आकडे पुन्हा उपसले आणि ते बाड घेऊनच ती इथे आली.

“साहेब, दोन मिनिटं ऐका. कार्बन दोन जातींचे. बहुतेक सगळे हलके, त्र्याण्णवांत एखादाच जड. इथे जड बघा, दोनशे चौदा. म्हणजे सत्तावन्नांत एक!”

“मग? जड जास्त निघाले असतील.”

“असे कसे निघतील? ते प्रमाण निसर्गानेच ठरवलेलं. हलके कमी मोजले गेलेत! कार्बन सुटतो घोळक्याने. दोन हलके एकाच क्षणी, एकाच जागी आपटले, की आमचा शहाणा डिटेक्टर दोघांना मिळून एकच धरतो. जड बिचारा किंचित मागून येतो, एकटा. तो बरोबर मोजला जातो. आता दोनशे चौदा गुणिले त्र्याण्णव करा.”

मॅनेजरने कॅल्क्युलेटर ओढला. एकोणीस हजार नऊशे दोन. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा गुणलं. तेच आलं.

“निम्मा!” ती ओरडलीच. “बाबा, अगदी बरोब्बर निम्मा!” तिने आपल्याच रिपोर्टवर उभी काट मारली. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

मॅनेजर खुर्चीतून उठला. “काका, माफ करा. पण व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला होतात, तर हे लिहून कशाला दिलंत?”

भट्टीकाकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“रिपोर्टखाली सूनबाईची सही होती, साहेब. म्हटलं, मग माझाच हात चुकला असणार.”