मिक्सरच्या मापाचं टेबल

"टेबल नंतर बघा. आधी मिक्सर वर आणा," दार उघडल्या उघडल्या ताई म्हणाल्या.

वायऱ्याला वाटलं, आपण भलत्याच घराची बेल वाजवली. स्टुडिओचं जुनं, त्याच्याकडच्या मिक्सरच्या मापाचं टेबल विकायची जाहिरात यांचीच होती. तो ते न्यायला आला होता. मिक्सर, म्हणजे गाण्यातले आवाज जुळवायचं ते भलंमोठं यंत्र, त्याचा स्वतःचा, खाली टेम्पोत रजईत गुंडाळून ठेवलेला. तो विकायचा तर प्रश्नच नव्हता.

"तो कशाला वर?"

"टेबलात बसतो का बघायला नको?"

हे मात्र बरोबर होतं. वायऱ्या आणि टेम्पोवाला दोन मजले धापा टाकत ते धूड घेऊन वर आले.

मिक्सर सोबत फिरवायचं कारण वेगळंच होतं. आठ महिने तो भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकून होता, आणि सगळं घर मांडीवर ताटं घेऊन जेवत होतं. आज सकाळी वहिनीने हात जोडले. "भावजी, या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी." दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मिक्सर जाईल." मित्राच्या गॅरेजमध्ये कोपरा मिळाला होता, पण तिथली जमीन ओली. टेबल नाही मिळालं तर मिक्सर कुठे ठेवायचा, याचं उत्तर वायऱ्याकडे नव्हतं.

आतल्या खोलीत टेबल होतं. लाकडी, रुंद, दोन्ही बाजूंना कप्पे. मधोमध मोठं चौकोनी भोक. त्या भोकासमोर खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"बाबा, सरका जरा," ताई म्हणाल्या.

म्हातारा सरकला. दोघांनी मिक्सर भोकात उतरवला. चारही बाजूंना नखाएवढी फट राहिली. वायऱ्याच्या अंगावर काटाच आला.

"झकास! ताई, कप्पे काढून घेतो, म्हणजे जिन्यातून उतरेल."

"कुठे उतरेल? मिक्सरचं काय घेणार ते बोला."

"मिक्सरचं? अहो, मी टेबल विकत घ्यायला आलोय!"

"आणि मला मिक्सर विकत घ्यायचाय."

टेम्पोवाला एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. "काय ते एकदा ठरवा राव. माझी कंबर एकच आहे."

"पण जाहिरात टेबलाची होती," वायऱ्या म्हणाला. आपलाच आवाज त्याला रडका वाटला.

"असाच मिक्सर हवा म्हणून दोन वर्षं जाहिरात दिली. कुणी विकत नाही. म्हटलं, ज्याच्याकडे तो मिक्सर असेल तो टेबल शोधत येईलच." ताईंनी मान खाली घातली. "फसवलं मी तुम्हाला. पण बाबा रोज या भोकासमोर बसतात हो. जेवायलासुद्धा उठवावं लागतं."

वायऱ्याला चिडावं की काय करावं कळेना. भांडायचं म्हटलं तरी कोणत्या बाजूने भांडायचं? विकणारा म्हणून की घेणारा म्हणून?

तोवर म्हाताऱ्याने मागे वाकून कम्प्युटरच्या आणि स्पीकरच्या वायरी जोडल्यासुद्धा. कुणाला विचारलं नाही, कुठे शोधलं नाही. कोणती वायर कुठे जाते ते बोटांना पाठ होतं. मग खिशातून नखाएवढं मेमरी कार्ड काढून त्याने मिक्सरच्या फटीत सारलं.

"काय आहे त्यात?" वायऱ्याने विचारलं.

"गाणं. अर्धं राहिलेलं. आवाज सगळे कम्प्युटरवर आहेत, पण कोण किती मोठं, कोण किती लहान, ते या कार्डात. माझा मिक्सर जळला आणि हे दुसऱ्या कशात उघडत नाही."

त्याने बटण दाबलं. आवाज कमी-जास्त करायचे चोवीस फेडर तळाशी ओळीने पडले होते. कुणी हात न लावता ते सगळे एकदम वर निघाले आणि आपापल्या उंचीवर जाऊन थांबले. टेम्पोवाला दोन पावलं मागे गेला.

नववा जागचा हलला नव्हता. नुसता थरथरत होता.

"हा का रुसला?"

"त्याची मोटर गेलीये, काका. हाताने न्यावा लागतो."

"मग बस इथे. धर त्याला. माझा हात एवढ्या लांब पुरत नाही आता."

"काका, पण आधी टेबलाचं..."

"टेबल हलणार नाही. मिक्सरही हलणार नाही, बसलाय बघ कसा. हलण्यासारखा तू एकटाच आहेस. ये-जा करत जा. किल्ली देईल ही तुला. तुझंही काम इथेच कर."

ताईंनी वायऱ्याकडे बघून मान हलवली आणि बाहेरून दुसरी खुर्ची आणून ठेवली. वायऱ्या बसला. आपण काही विकलं का, काही घेतलं का, त्याला सांगता आलं नसतं.

गाणं सुरू झालं. एक बाई गात होती; नववा फेडर तिच्याच आवाजाचा होता. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"वर ने. अजून. हां... तिथे. पण सोडू नकोस."

टेम्पोवाल्याने रजईची घडी काखेत मारली. "भाऊ, मग खाली काय न्यायचं? टेबल की मिक्सर?"

वायऱ्याने मान वळवली नाही. बोट नवव्या फेडरवर होतं.

"थांबा हो जरा," तो म्हणाला. "पुढच्या ओळीला हिला खाली आणायचंय."