घोडा चालतो कसा

“अप्पा, पण घोडा चालतो कसा?” मैथिलीने पुन्हा विचारलं.

“कसा म्हणजे? इथून उचलायचा आणि तिथे ठेवायचा.”

“तिथेच का?”

“चिप सांगते म्हणून.”

मैथिलीने कपाळाला हात लावला. साऱ्या कॉलनीने डोक्यात बुद्धिबळाची चिप बसवून घेतली होती. तिला एकटीलाच ती मानवली नव्हती, कानामागे पुरळ उठायचं. चिपवाल्यांना खेळ येत नव्हताच. कानात आलेली खेळी ते पटावर ठेवायचे, एवढंच. दोघे चिपवाले समोरासमोर बसले की पहिल्याच खेळीला बरोबरी जाहीर व्हायची आणि हात मिळवून दोघेही मोकळे. आई गेल्यापासून रोज अप्पांना सोबत करायला येणारे दाभाडेकाका तर आता बूटही काढत नसत. म्हणूनच अप्पांशी एक अख्खा डाव खेळायचाच, असं तिने ठरवलं होतं.

“नका शिकवू,” म्हणत तिने घोडा उचलला आणि वैतागून थेट अप्पांच्या राजाला चिकटून ठेवला.

अप्पांनी कान चोळला. मग दुसरा चोळला.

“आता काय झालं?”

“गप्प बसलीय ती. असं चालतं का गं?”

“मला विचारताय?”

अप्पांनी हत्ती हातात घेतला, उलटा करून त्याचा तळ पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

“थांब जरा, विचार करू दे.”

जेवणाची वेळ टळली तरी त्यांचा विचार चालूच होता, आणि मैथिलीने एकदाही घाई केली नाही.