नेहमीचं शून्य

असोद्याच्या रस्त्यावरच्या केळी पिकवायच्या कारखान्यात पिकवण्याच्या खोलीतला वायू तपासणारी संगणकाची स्क्रिप्ट योगेंद्रने लिहिली होती. प्रत्येक तपासणीनंतर ती `$?` ही निकालाची खूण वाचायची. शून्य आलं तर आधीची आज्ञा नीट पार पडली, एक आला तर बिघाड. एक वारंवार यायला लागला, तेव्हा कंटाळून त्याने तपासणी आणि `$?` यांच्या मध्ये एक साधी ओळ घुसडली. मग `$?` त्या ओळीचाच निकाल सांगू लागलं. कायम शून्य, आणि खोलीच्या दारावर कायम हिरवा दिवा.

त्या हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवून कामगार अमृत आत गेला आणि गुदमरून मेला. योगेंद्रने ती ओळ गुपचूप पुसून टाकली.

दिवसकार्य उरकल्यावर अमृतची बायको कोकिळा सोनगीरहून कारखान्यात आली.

"भाऊ, मशीन तं बराबर व्हतं ना?"

योगेंद्रची मान वर होईना. "बरोबर होतं, वहिनी."

समोरच्या संगणकाच्या पडद्यावर आकडा उमटला. 1.

त्याने एकाही बटणाला हात लावला नव्हता. घाईघाईने त्याने वायरच उपटली. पडदा काळा झाला.

"मंग त्यासनीच चुकी व्हयनी का?"

"हो," तो पुटपुटला.

काळ्या पडद्यावर आणखी एक 1 उमटला.

कोकिळा पडद्याकडे वाकली. "हाऊ एक म्हंजे काय, भाऊ?"

'काही नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आधीच तिसरा 1 आला.