युकिगुमोच्या सवयी

शर्यतीचे घोडे जिथे मुली होऊन धावतात, त्या अ‍ॅनिमेत आपला म्हातारा विजेता युकिगुमो यावा म्हणून मोतद्दार तोकुजींनी देवळात नवसाची पाटी टांगली होती. नवस फळला, पण त्याच्या सवयी टिपायला आलेली त्या मालिकेची चित्रकार तीन दिवस तबेल्यात बसली आणि तिन्ही दिवस तो ढाराढूर झोपला. तोकुजी शरमून तिला चहा देत राहिले.

वसंतात मालिका लागली. पडद्यावरची युकिगुमो बादली उचलण्याआधी तिची माफी मागायची, चहावर तीनदा फुंकर मारायची आणि कौतुक झालं की खांबाआड लपायची.

"आपला घोडा कधी असं करतो?" तोकुजी गोंधळले.

"घोडा नाही हो करत," म्हणत बायको हसून हसून आडवी झाली.



रविवारी मालिका बघून गाजरं घेऊन पोरी आल्या, घोडा छान सांभाळलाय म्हणाल्या तसे तोकुजी खांबाआड सरकले, आणि घोड्याला सोडून सगळ्या तिकडेच धावल्या, "अगं, हीच ती. गाजर इकडे आण."